पेटीचे सूर लावणारे आणि त्यांचे मतभेद



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींना नवल वाटले असेल. राजकारण, शेती, संतवाङ्मय हे व्याख्यानमालेचे नेहमीचे विषय. त्यांत पेटी दुरुस्त करणाऱ्यांच्या भांडणाला जागा कोठली? परंतु आपल्या तालुक्यात ज्या गावी मारुतीचे देऊळ आहे त्या गावी बहुधा एक पेटी आहे, आणि जेथे पेटी आहे तेथे ती कधी ना कधी बिघडते. ती नीट करणारा माणूस मात्र गावोगाव नसतो. त्याला शोधावे लागते, त्याच्या वेळा सांभाळाव्या लागतात, आणि सप्ताह तोंडावर आला की त्याच्या घरी दोन-दोन फेऱ्या घालाव्या लागतात. अशी माणसे मोजकी असताना ती एकमेकांशी बोलत नसतील, एकमेकांचे काम उलटवीत असतील, तर त्याची झळ त्यांच्यापुरती राहत नाही. ती भजनाला लागते, शाळेच्या प्रार्थनेला लागते, गाणे शिकू लागलेल्या पोरांच्या कानाला लागते. म्हणून हा विषय मी घेतला आहे.

पाश्चात्त्य देशांत हाच प्रश्न पियानोच्या कारागिरांचा आहे. पियानोला अठ्ठ्याऐंशी पट्ट्या आणि दोनशेहून अधिक तारा. त्या सगळ्या एका माणसाने कानाने जुळवावयाच्या. दोन कारागिरांचे जुळवणे तंतोतंत एक होत नाही आणि तेथे वादाला तोंड फुटते. आपल्याकडे पियानो मुंबई-पुण्याच्या काही घरांत, शाळांत आणि चर्चमध्ये आढळेल. नांदेड-लातूर भागात त्याचे काम पेटी करते. ही पेटीही मूळची तिकडचीच. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबेन याने १८४२ साली हार्मोनियम या नावाने तिचे पेटंट घेतले. ती खुर्चीवर बसून, पायाने भाता चालवून वाजवावयाची असे. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कल्पक व्यापाऱ्यांनी तिचे पाय काढले, पाठीमागे हाताचा भाता बसविला आणि तिला सतरंजीवर आणले. एकदा सतरंजीवर आल्यावर ती नाटकात गेली, कीर्तनात गेली, भजनात गेली आणि आपलीच होऊन बसली.

आता कारागिराच्या ओट्यावर काय घडते ते पाहू. गिऱ्हाईक पेटी घेऊन येते. कारागीर वरची फळी उघडतो, आत डोकावतो, आणि त्याचे पहिले वाक्य जवळजवळ ठरलेले असते : "कोण्या येड्यानं हात लावला हो हिला?" गिऱ्हाईक ओशाळून म्हणते, "मामा, मागच्या साली अमक्याकडं नेली होती." त्यावर मामा मान हलवितात आणि काही बोलत नाहीत. ते न बोलणे शिवीपेक्षा वाईट असते. हे वाक्य मी अनेक ओट्यांवर ऐकले आहे आणि ते केवळ पेटीवाल्यांचे आहे असेही नाही. मोटार दुरुस्त करणारा, दात काढणारा, घर बांधणारा गवंडी, सगळ्यांना ते पाठ असते. त्याने कामाचा भाव वाढतो, आणि उद्या काम फसलेच तर दोष कोणाच्या माथी मारावयाचा तेही आधीच ठरून जाते.

इतर धंद्यांत या वाक्याने माणसे दुखावतात. पेटीच्या धंद्यात ते वाद्याच्या पितळेवर कोरले जाते. ते कसे, हे नीट समजून घेण्यासारखे आहे.

पेटीच्या पोटात पट्टीगणिक एक किंवा अधिक रीड असतात. पितळेच्या लांबट चौकटीत एक भोक, आणि त्या भोकावर एका टोकाला खिळून बसविलेली पातळ पितळी जीभ. भाता दाबला, पट्टी दाबली, की वारा त्या भोकातून वाट काढतो, जीभ थरथरते आणि सूर निघतो. गुजरातेतील पालिताणा हे गाव या रीडसाठी आपल्या पेटीवाल्यांत नावाजलेले आहे. सूर चढवावयाचा तर जिभेच्या मोकळ्या टोकाकडचे पितळ कानशीने किंचित घासावयाचे. टोक हलके झाले की ते जलद हलते. सूर उतरवावयाचा तर मुळाकडचे पितळ घासावयाचे. बूड पातळ झाले की जीभ लवचीक होते आणि हळू हलते. दोन्ही वेळा पितळ जाते. चढविताना जाते आणि उतरविताना जाते. गेलेले पितळ परत येत नाही.

आता असे समजा की पहिल्या कारागिराने एक गंधार आपल्या कानाला बरा वाटेल इतका चढविला. दुसऱ्याने "हा काय सूर लावला!" म्हणून तो उतरविला. वर्षाने पेटी पुन्हा पहिल्याकडे गेली आणि त्याने पुन्हा चढविला. दोघेही आपापल्या परीने खरे काम करीत आहेत, दोघांनाही पैसे मिळाले आहेत, आणि ती जीभ दोन्ही टोकांनी झिजत चालली आहे. एक दिवस ऐन भजनात ती तडकते. मग मंडळातले लोक म्हणतात, आजकालचे पितळच हलके! पितळाचा दोष थोडका आणि दोन माणसांच्या अबोल्याचा मोठा.

याचा अर्थ मतभेद नसावेत असा कोणी घेऊ नये. दोन प्रामाणिक कारागिरांचे मत वेगळे पडण्याला सबळ कारणे आहेत. रीड काढून चाचणीच्या लहान भात्यावर वाजवून पाहिली तर तिचा एक सूर येतो. तीच पेटीत बसविली की सूर किंचित बदलतो, कारण आतल्या लाकडाची पोकळी आणि वाऱ्याचा दाब वेगळा. बाहेर जुळविणारा आणि पेटीत बसवून जुळविणारा अशा दोघांचा मेळ म्हणूनच बसत नाही. भाता जोराने मारणाऱ्याच्या हाताखाली मोठ्या रीडा थोड्या उतरतात, हलक्या हाताच्या वादकाकडे त्या नीट राहतात; म्हणजे सूर लावणारा आणि वाजविणारा यांच्या हातांत फरक असला तरी तक्रार येते. शिवाय धूळ. मुखेडच्या उन्हाळ्यात फुफाटा कोठे शिरत नाही? रीडच्या टोकावर धुळीचा थर बसला की टोक जड होते आणि सूर उतरतो. अशी रीड आधी साफ करावी की आधी कानस लावावी? माझे मत विचाराल तर, पुसण्याआधी घासणारा कारागीर घाईचा म्हटला पाहिजे. पण त्यालाही गिऱ्हाईक दारात उभे असते आणि एस.टी. सुटावयाची असते, हे विसरून चालत नाही.

परंतु या सर्वांहून खोल असा एक मतभेद आहे, आणि तो मुखेडच्या ओट्यावरून थेट बडोद्याच्या दरबारापर्यंत जातो. गंधार कोणता खरा?

ज्यांनी संगीताच्या परीक्षा दिल्या आहेत त्यांना हे आकडे पाठ असतील. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला तर शुद्ध गंधार किती कंपनांचा? तंबोऱ्याचा खर्ज लावून कान देऊन बसा. त्यातून आपोआप उमटणारा गंधार ३०० कंपनांच्या हिशेबाचा असतो. षड्ज-पंचमाच्या उड्या मारीत गंधारापर्यंत गेलात तर तो ३०३.७५ निघतो. श्रीनिवास पंडिताने तारेची लांबी मोजून जे स्वर सांगितले त्यांवरून काढलेला आणि भातखंडे यांनी 'अभिनवरागमंजरी'त घेतलेला गंधार ३०१ पूर्णांक १७/४३ आहे. परीक्षेच्या पोरांचा सर्वांत नावडता आकडा तो हाच. आणि आपल्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, तेथे गंधार सुमारे ३०२.४ येतो. (२४० हा आकडाही पुस्तकी आहे, आजच्या विलायती मापाने जुळविलेल्या पेटीवर नेमका तो षड्ज देणारी पट्टीच नाही.) म्हणजे चार गंधार झाले, आणि सगळ्यांत खालच्या व सगळ्यांत वरच्या गंधारात पावणेचार कंपनांचा फरक. हा फरक कल्पनेतला नाही. ३०० आणि ३०२.४ असे दोन गंधार एकदम वाजवून पाहा. दोन्ही मिळून सुरात लाटा उठतात, पाच सेकंदांत सुमारे बारा. कोणताही शेतकरी त्या बोटांवर मोजून दाखवील. पंचमात मात्र तंबोरा आणि पेटी यांत अर्ध्या कंपनाचेही अंतर नाही, म्हणून पंचमावरून कोणी भांडत नाही.

या पावणेचार कंपनांवरून आपल्या महाराष्ट्रात फार मोठी माणसे भांडली. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी बावीस श्रुतींचा ध्यास घेतला, कंपने मोजण्याचे प्रयोग केले आणि १९१० साली त्यावर इंग्रजी पुस्तक लिहिले. त्यांच्या प्रयोगांना अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा लाभला. असा गळा मापाला मिळणे हे भाग्यच. त्यांना साथ मिळाली अर्नेस्ट क्लेमेंट्स या सनदी नोकरीतल्या न्यायाधीशाची. या दोघांच्या प्रयत्नाने श्रुतींची पेटी तयार झाली. ती लंडनला बनवून घेतली होती. नेहमीच्या पेटीत जे स्वर निघत नाहीत ते काढून दाखवावयाचे, हा तिचा हेतू. समोरच्या बाजूला विष्णु नारायण भातखंडे. ते वकील. देशभर हिंडून, गायकांना भेटून, पोथ्या चाळून त्यांनी शास्त्र मांडले होते, आणि आज जो राग गातात तो जुन्या ग्रंथांतल्या श्रुतींच्या गणितात बसविता येतो हे त्यांना मान्य नव्हते.

मार्च १९१६ मध्ये बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तेथे श्रुतींची पेटी मांडली गेली. उदेपूरचे झाकिरुद्दीन खाँ यांच्यासारखे धृपदिये तेथे आलेले होते. पेटीचे स्वर गायकांच्या गळ्याशी ताडून पाहण्यात आले आणि गायकांना ते पटले नाहीत. भातखंडे यांचा इतिहासावरचा निबंधही याच परिषदेत वाचला गेला.

या प्रसंगात एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. वाद होता सुराचा आणि तो सोडविण्यासाठी सूरच पुढे आणले. पेटी उघड्या सभेत ठेवली, गाणारा उघड्या सभेत गायिला, आणि ऐकणाऱ्यांनी ऐकले. याहून सभ्य रीत मला माहीत नाही. पण पुढची गोष्ट तितकी समाधानाची नाही. वादाचे पक्ष एकत्र बसून कामाला लागले असे झाले नाही. प्रत्येकाची पुस्तके वेगळी, मंडळे वेगळी, शिष्य वेगळे. एक वकील, एक न्यायाधीश आणि एक डेप्युटी कलेक्टर! तिघांनाही दाव्याची सवय. आणि दाव्याचा शेवट निकालात होतो, एक जिंकतो, दुसरा हरतो. पेटीचे रीड घासून ज्याची बोटे काळी झाली आहेत असा कारागीर त्या वादाच्या मध्यभागी कोठे दिसत नाही. तो असता तर कदाचित म्हणाला असता, "सायेब, तुमचा गंधार तंबोऱ्याला बरा, ह्यांचा गायकाला बरा, अन् माझा पेटीला बरा, आता गाणं कोनचं हाये ते सांगा."

हे मी थट्टेने म्हणत नाही. १९६३ साली नाझीर जैराजभॉय आणि स्टोन या दोन संशोधकांनी उत्तर हिंदुस्थानी गायन-वादनाच्या ध्वनिमुद्रणांतले स्वर यंत्राने मोजले. त्यांना असे आढळले की कलावंताकलावंतांच्या स्वरांत फरक आहे. इतकेच काय, एकच कलावंत एकाच रागात तोच गंधार दर वेळी तंतोतंत त्याच जागी घेत नाही. म्हणजे बडोद्याला जो गायक ऐकला तो त्या क्षणी खरा, आणि देवलांनी जो गळा मोजला तोही त्या क्षणी खरा. माप घेण्याआधी "आपण नेमके काय मोजतो आहोत?" एवढा प्रश्न दोन्ही पक्षांनी मिळून ठरविला असता तर पुष्कळ शाई वाचली असती. या वादाचे बीज अजूनही जिवंत आहे. एकविसाव्या शतकात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी पुन्हा तयार केली. तिचे चाहते आहेत आणि तिचे टीकाकारही आहेत. त्यात वाईट काही नाही. शंभर वर्षे टिकणारा वाद हा विषय मोठा असल्याचाच पुरावा होय.

वाद हुकमाने मिटविला म्हणजे काय होते, त्याचे उदाहरण मात्र कडू आहे. पेटीवर आक्षेप घेणारे थोडेथोडके नव्हते. तिच्यात मींड निघत नाही, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, तिचे बारा ठरीव स्वर गाणाऱ्याच्या कानाला हळूहळू आपल्या वळणावर नेतात. हे आक्षेप खोटे नाहीत. जॉन फाउल्ड्स या इंग्रज संगीतकाराने १९३८ साली आकाशवाणीच्या नियतकालिकात तिच्यावर झोड उठविली. रवींद्रनाथ ठाकुरांनी जानेवारी १९४० मध्ये कलकत्ता केंद्राला पत्र लिहून तिला हद्दपार करण्याची मागणी केली. आणि १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने पेटी बंद केली. स्वातंत्र्य आले, पण ही बंदी गेली नाही. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खाते आपल्याच मराठी माणसाकडे, डॉ. बा. वि. केसकरांकडे होते, तेव्हाही ती राहिली. १९७० च्या सुमारास दिल्लीला या प्रश्नावर चर्चा झाली आणि त्यानंतर बंदी सैल होऊ लागली. तीस वर्षे म्हणजे एका वादकाची सारी उमेद. गोविंदराव टेंबे यांनी ज्या पेटीने भास्करबुवा बखल्यांना साथ केली, त्या पेटीला रेडिओच्या दारात मज्जाव होता.

या बंदीने पेटी मेली काय? मुळीच नाही. देवळात ती वाजत राहिली, तमाशात वाजत राहिली, खाजगी बैठकीत वाजत राहिली. आपल्याच मराठवाड्यातले, जालन्याकडचे अप्पा जळगावकर यांनी साथीला जे रूप दिले त्याचा गौरव संगीत नाटक अकादमीने २००० साली केला. नुकसान झाले ते दुसरेच. ज्या दोषांबद्दल आक्षेप होते ते दोष पेटी बनविणारे, लावणारे, वाजविणारे आणि गाणारे यांनी एकत्र बसून कमी करावयाचे, ते बाजूलाच पडले. हुकूम निघाल्यावर बोलणे खुंटते. पेटीवाला म्हणू लागला की हे सगळे पेटीचे वैरी. आक्षेप घेणारा म्हणू लागला की हे सगळे बेसूर. आणि दोघांनी एकमेकांचे ऐकणे सोडले.

पियानोवाल्यांकडे यापेक्षा शहाणपण आढळते, पण तेही सावकाश आलेले. एकेकाळी युरोपात गावागणिक मूळ सुराची पट्टी वेगळी असे. फ्रान्सने १८५९ साली कायदा करून ए या स्वराची ४३५ कंपने ठरविली. १९३९ साली लंडनच्या परिषदेत ४४० हे माप सुचविले गेले आणि तेच पुढे रूढ झाले. एवढे ठरल्याने सगळे वाद मिटले काय? नाहीत. वरची सप्तके किती ताणून लावावीत यावर पियानोचे कारागीर अजून वाद घालतात. पण निदान आरंभ कोठून करावयाचा यावर भांडण उरले नाही. अमेरिकेत पियानो जुळविणाऱ्यांच्या दोन प्रतिस्पर्धी संस्था होत्या. १९५७ साली त्या एक झाल्या. मते एक झाली म्हणून त्या एक झाल्या नसाव्यात. एका छताखालीही मते वेगळी ठेवता येतात एवढे त्यांना उमगले असावे.

आपल्याकडे पेटीवाल्यांची संघटना नसली तरी एक आरंभ करण्यासारखा आहे. एका भजनी मंडळाच्या दोन पेट्या एकत्र वाजविल्या तर पुष्कळदा जुळत नाहीत, कारण दोन कारागिरांनी दोन वेगळ्या मापांवर त्या लावलेल्या असतात. त्यांतली काळी चार एकीची एक आणि दुसरीची भलतीच. मग पखवाजवाला कोणत्या पेटीला धरून शाई चढवील? ४४० चा एक चिमटा थोड्या पैशात मिळतो आणि आता तर खिशातल्या फोनमध्येही ते माप असते. भागातल्या चार-सहा कारागिरांनी तेवढे एक माप मान्य केले तर निम्मी कुरबूर जागच्या जागी थांबेल. गंधाराचे मग बघता येईल.

दुसरी गोष्ट याहून सोपी आहे आणि म्हणूनच अवघड. पेटीच्या आतल्या फळीवर, जेथे गिऱ्हाइकाची नजर जात नाही, तेथे शिसपेन्सिलीने दोन ओळी लिहाव्यात : कोणत्या साली उघडली, कोणत्या मापावर लावली, कोणती रीड बदलली, आणि खाली आपले नाव. पुढच्या कारागिराने ती पेटी उघडली की त्याला समजेल की हा गंधार उतरलेला राहिला आहे तो कानाच्या चुकीने नव्हे; या मंडळाचा गाणारा तंबोऱ्यावर गातो आणि त्याने तो मुद्दाम मागून घेतला आहे. आज हे कळावयास मार्गच नाही. मागच्याचा हेतू ठाऊक नसला की मागचा मूर्ख वाटतो. नाव लिहिलेल्या कामाला माणूस जरा जपूनही हात लावतो, हा आणखी एक फायदा.

मिरजेच्या तंबोरा-सतारीच्या कारागिरांकडे पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून, तेथे हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालला आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पंढरपूरच्या बाजूचा भोपळा आणून त्यावर वाद्य उभे करतात. त्या कामाचा कस लागतो जवारीला. घोडीची पाठ अशी घासावयाची की तार तिला अलगद स्पर्शून झंकारत राहील, आणि मग तिच्याखाली सुताचा जीव सरकवून आस खुलवावयाची. जवारी खुली असावी की बंद असावी? याला एक उत्तर नाही. उघड्या आवाजाच्या गायकाला एक लागते, दबलेल्या आवाजाच्या गायकाला दुसरी. तेव्हा दोन जवारी लावणाऱ्यांनी एकमेकांना अडाणी म्हणण्याआधी विचारावयाचा प्रश्न एकच : हा तंबोरा कोणासाठी लावला होता? पेटीवाल्यांनी हा प्रश्न त्यांच्याकडून उचलावा. रीडेचे आणि घोडीचे हाल सारखेच. घासलेले परत येत नाही.

आता एक शंका तुमच्यापैकी कोणाच्या मनात आली असेल, ती मीच बोलून दाखवितो. सगळे गोड बोलावे, कोणी कोणाचे उणे काढू नये, असे म्हटले तर लबाडांचे फावेल. शंका रास्त आहे. गिऱ्हाइकाच्या चांगल्या रीडा काढून त्या जागी हलक्या बसविणे, आणि काढलेल्या दुसऱ्या पेटीत घालून विकणे, असा उद्योग करणारे नसतातच असे नाही. हा मतभेद नव्हे, ही चोरी होय. आणि ती दिसूनही जो सभ्यपणाच्या नावाखाली गप्प बसतो तो गिऱ्हाइकाशी बेइमान होतो. तेथे स्पष्ट सांगितले पाहिजे, पण तेही वस्तू दाखवून : ही रीड पाहा, हिची चौकट या पेटीची नाही, हिचे खिळे वेगळे आहेत, ही जुन्या रीडांहून पातळ आहे. तेवढे दाखवून थांबावे. कोणी केले हे गिऱ्हाइकाला आपोआप ठाऊक असते. सांगणाऱ्याने त्या माणसाची जात, त्याचा गुरू, त्याचे पिणे आणि त्याच्या घरातली भांडणे काढली की खरी तक्रारही शिव्यांच्या ढिगात हरवते, आणि गिऱ्हाइकाला वाटते की हे दोघांचे जुने वैर दिसते. मग ते दोघांचेही खरे मानीत नाही.

आणि चुकीचे काम? लबाडी नाही, नुसती चूक. कान कमी पडला, घाई झाली, हात जड पडला. याला माझ्या मते जागा ओट्यावर नाही. गिऱ्हाईक गेल्यावर, संध्याकाळी, त्याच कारागिराकडे जावे आणि म्हणावे, "काका, त्या अमक्या गावच्या पेटीचा निषाद मला चढा वाटला, तुम्ही कसा धरला होता?" हा प्रश्न विचारण्यास फार काही लागत नाही, चहाचे पैसे लागतात आणि थोडे मन मोठे लागते. कदाचित काका रागावतील. कदाचित म्हणतील, "पेटीत बसवून ऐकला का तू? का बाहेरच वाजवलास?" आणि विचारणाऱ्यालाच काही नवे कळेल. आपल्या भागात हा धंदा शिकावयास शाळा नाही. जे काही आहे ते अशा दहा-वीस ओट्यांवर, दहा-वीस कानांत साठलेले आहे. त्यांतला एक एक कान आता म्हातारा होत चालला आहे आणि पोरे तयार विजेचा कीबोर्ड विकत घेऊ लागली आहेत, जो कधी बेसूर होत नाही आणि ज्याच्या दुरुस्तीला कोणाची मनधरणी लागत नाही.

चैत्र संपत आला आहे. उन्हाने लाकूड सुकून पेट्यांच्या सांध्यांत भेगा पडतील, वारा गळू लागेल, आणि मृगाचा पाऊस आला की तेच लाकूड फुगून पट्ट्या अडकू लागतील. आषाढाच्या आधी भजनी मंडळे पेट्या बाहेर काढतील आणि तुमच्यापैकी कोणीतरी एखादी पेटी डोक्यावर घेऊन ओट्यावर जाईल. तेव्हा "मागं कोणाकडं दाखवली होती?" असा प्रश्न मामांनी केलाच, तर नाव सांगावे, आणि त्याबरोबर, गेल्या खेपेला ती कोणत्या मापावर लावून घेतली होती आणि कोण गाणार होते, तेही सांगावे.